खोड्या त्यांच्या, दुःखे आमची

मे महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. “ताई, हिला वाचायला काय देऊ सांग. काहीही वाचते.” ‘ही’ म्हणजे माझी भाची. वय १४, ठाण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीला. ‘काहीही वाचते’ हे कौतुक नव्हते, तक्रार होती. वर्षभरात हिने अगाथा ख्रिस्ती वाचली होती, मांगा नावाच्या जपानी चित्रकथा वाचल्या होत्या, आजोबांच्या कपाटातले नारायण धारप जवळजवळ संपवले होते, नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ दोनदा वाचले होते आणि मध्येच एकदा रेल्वेचे जुने वेळापत्रक पहिल्या पानापासून वाचायला घेतले होते. बहिणीला यात काही दिशा दिसत नव्हती. ती मी द्यावी, कारण मी पंचवीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले आहे.

मी बारा पुस्तकांची यादी पाठवली. सुट्टीत भाची माझ्याकडे राहायला आली तेव्हा ती यादी तिच्या हातात होती आणि तिच्यावर पेन्सिलच्या खुणा होत्या. काही पुस्तके तिने वाचली होती, काही चाळली होती. म्हणाली, “मावशी, यात खोड्या सगळ्या मुलग्यांच्या आहेत. मुलींच्या वाट्याला नुसतं दुःख आलंय.”

हा लेख म्हणजे त्या वाक्याची तपासणी आहे. ते वाक्य माझ्या यादीपुरते खरे आहे, की आपल्या साहित्याविषयीच काही सांगते, हे मला स्वतःसाठी पाहायचे होते.

पहिला अर्धा भाग सिद्ध करायला कष्ट पडत नाहीत. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, प्रकाश नारायण संतांचा लंपन, मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला मुकुंद. मराठीत वाढत्या वयाचे चित्र डोळ्यासमोर आणा म्हटले की हीच नावे येतात. ताम्हनकरांनी ‘चिंगी’ही लिहिली, पण दूरदर्शनवर मालिका झाली ती ‘गोट्या’ची. फेण्याच्या जगात मुली नाहीत असे नाही, सायकल मात्र बनेशची. ‘शाळा’ (२००४) मला अतिशय आवडते. आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाचे इतके खरे चित्र दुसरे नाही. पण शिरोडकरच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला कळते ते मुकुंदच्या अंदाजांतून, आणि ती गाव सोडून जाते तेव्हा ती मुकुंदच्या आयुष्यातून जाते, स्वतःच्या कुठल्या आयुष्यात जाते हे कादंबरीला सांगता येत नाही. हा बोकिलांचा दोष नव्हे. निवेदक नववीतला मुलगा असेल तर असेच होणार. प्रश्न इतकाच की शिरोडकरने सांगितलेली ‘शाळा’ कुठे आहे?

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतला होता. वाचताना मी काही बघ्यांच्या रांगेत उभी नव्हते. मीच फेणे होते आणि वडिलांच्या चोवीस इंची सायकलवर मधल्या दांड्याखालून पाय घालून मीही ‘ट्टॉक’ करत असे. वाचणारी मुलगी सहज मुलगा होऊ शकते. भाचीचे त्यावरचे उत्तर साधे होते : “हो, पण माझ्या वर्गातल्या मुलांना कधी मुलगी व्हावं लागतं का?”

आता दुसरा अर्धा भाग. मराठीतली पहिली मोठी सामाजिक कादंबरी एक मुलगीच सांगते, हे आपण विसरतो. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली, आणि ती यमूच्या तोंडून आली. सुरुवातीची यमू भावाशी भांडते, रुसते, घरातल्या मोठ्यांकडे बारीक नजरेने बघते. त्या पानांवर भाचीची पेन्सिल थांबली होती. तिथे तिने ‘मस्त’ असे लिहिले आहे. पुढे लग्न, सासर, वैधव्य, फसवून केलेले केशवपन. पेन्सिलच्या खुणा तिथून विरळ होत जातात.

हे असे का झाले याचे कारण साहित्यात कमी आणि कायद्याच्या पुस्तकात जास्त सापडते. यमूची कथा छापली जात होती त्याच काळात संमतिवयाचा वाद पेटला होता. १८९१ च्या कायद्याने ते वय दहावरून बारा केले, एवढ्यावरून महाराष्ट्र दुभंगला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले. म्हणजे माझ्या भाचीचे आजचे वय. ज्या समाजात मुलीला बालपण आणि संसार यांच्यामध्ये मोकळी अशी वर्षेच नव्हती, त्या समाजातल्या लेखकाने तिच्या खोड्या लिहायच्या तरी कधीच्या? मुलग्याला शाळा होती, मैदान होते, नापास होण्याची सोय होती. त्यामुळे मुलगा आपल्या साहित्यात व्यक्ती म्हणून आला आणि मुलगी प्रश्न म्हणून आली. लग्नाचा प्रश्न, शिक्षणाचा प्रश्न, विधवेचा प्रश्न. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकरांनी ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींची मने उघडी केली तेव्हा इतका गहजब झाला की टोपणनावामागच्या मालतीबाईंचा शोध सुरू झाला. ती मोकळी वर्षे आता आली होती, पण तीही निःश्वास म्हणून.

खोड्यांची भूक मग भागवली कोणी? माझ्या पिढीतल्या कितीतरी जणींचे उत्तर एकच असेल : ‘चौघीजणी’. शांता शेळक्यांनी लुइसा मे अल्कॉटच्या कादंबरीचा केलेला हा अनुवाद. मूळ कादंबरी १८६८-६९ मधली, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातली. हे पुस्तक भाषांतर आहे याची आठवण वाचताना राहत नाही, ही शांताबाईंच्या भाषेची करामत. पण मला भाचीच्या वाक्याच्या संदर्भात त्यातली एक जागा महत्त्वाची वाटते. धाकटी बहीण रागाच्या भरात जोने लिहिलेली वही जाळते. जो तिला क्षमा करत नाही, आणि बर्फावर घसरायला गेल्यावर पातळ बर्फाची सूचना तिला देत नाही. धाकटी बुडता बुडता वाचते. यात दुष्ट कोणी नाही, सोसणारी कोणी नाही. दोन मुली आहेत, दोघींना राग आहे, आणि राग आल्यामुळे त्या वाईट ठरत नाहीत. मराठी मुलीला राग बाळगण्याची ही मुभा मॅसॅच्युसेट्समधून यावी लागली, याचे वैषम्य मला आता वाटते. बारा-तेराव्या वर्षी फक्त आनंद झाला होता.

इथपर्यंत आले तेव्हा भाचीचे वाक्य खरे ठरवून मी थांबले असते. पण तिनेच ते मोडले. यादीत ‘स्मृतिचित्रे’ होते आणि ते तिने शेवटचे ठेवले होते, कारण मुखपृष्ठावर नऊवारीतल्या बाई होत्या. एका दुपारी आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. पाहिले तर ही लक्ष्मीबाई टिळकांवर हसत होती. खरे म्हणजे लक्ष्मीबाईंबरोबर हसत होती.

लक्ष्मीबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकात बालपण गेले. नवरा कवी, कुठल्याही क्षणी घर सोडून निघून जाणारा, हाती पैसा टिकू न देणारा. १८९५ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार मधोमध फाटला. ‘प्रश्न’ म्हणून मांडायला यापेक्षा जास्त सामग्री कोणाला हवी? आणि तरी पुस्तक वाचताना मनात राहते ती बाईंची खोडकर नजर. स्वतःची फजिती त्या जितक्या आवडीने सांगतात तितक्याच आवडीने टिळकांची. वाक्ये बोलण्यातून उचललेली, लहान. प्रसंग सुरू झाला की लगेच कळसाला जातो आणि बाई लगेच पुढच्या प्रसंगाकडे वळतात. दुःखाचा प्रसंगही त्या अशाच वेगाने सांगतात आणि मग थांबून आपल्याकडे बघत नाहीत. धारप वाचून तयार झालेल्या वाचकाला हा वेग ओळखीचा वाटला तर नवल नाही. आम्ही वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवतो ते ‘स्त्री-आत्मचरित्राचा आदर्श’ म्हणून. विनोदावर एखादे टिपण देतो. हा क्रम उलटा आहे, हे मला त्या दुपारी कळले.

तेव्हा माझी यादी पुस्तकांमुळे फसली नव्हती. मी ती पुस्तके तिच्या हिताची म्हणून निवडली होती, आणि त्यातले काय तिला आवडेल हे मला माहीत आहे असे धरून चालले होते. ‘युगान्त’ मी मोठ्या संकोचाने घातले होते. १४ वर्षांच्या मुलीला जड जाईल असे वाटले. ते तिने तीन दिवसांत संपवले. तिच्या मते ती तपासकथा आहे. इरावतीबाई भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तीचा आधार घेऊन कोणता मजकूर मागाहून घुसला, कोण काय लपवतो आहे, गांधारीने पट्टी बांधली तेव्हा ती कोणावर रागावली असेल, हे एकेक पुरावा समोर ठेवून विचारतात. अगाथा ख्रिस्तीनंतर ‘युगान्त’ हा क्रम मला सुचला नसता. मी तिला ख्रिस्तीकडून वर चढवत होते, आणि ती त्याच मजल्यावर पुढच्या खोलीत गेली होती.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती मला सुखाची नाही. मूळ यादी तेरा पुस्तकांची होती. पाठवण्याआधी मी बेबी कांबळ्यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) काढून टाकले. कारण स्वतःला असे दिले की भाषा तिला अवघड जाईल. खरे कारण त्यातला खोडा. सासरहून पळून आलेल्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवत, त्याची ती वर्णने. आणि त्या सुना भाचीपेक्षाही लहान. मी तिच्या वयाची असताना आईने ‘कळ्यांचे निःश्वास’ तांदळाच्या डब्यामागे ठेवले होते. मला ते अर्थातच सापडले होते, आणि आईवर मी पुढे बरीच वर्षे हसत आले होते.

भाचीला ‘जिणं आमुचं’ माझ्या कपाटात सापडले. दोन दिवस ती फारशी बोलली नाही. मग तिने विचारले ते खोड्याविषयी नव्हते. बेबीताई वाचायला शिकल्यावर वाचत काय होत्या, असे विचारले. मी सांगितले की त्या फलटणला दुकान चालवत आणि सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद वाचत. लिहिलेले घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते. “म्हणजे त्याही काहीही वाचायच्या,” ती म्हणाली.

त्या रात्री मी तिला मुक्ता साळवेचा निबंध काढून दिला. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने तो छापला. फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेली मांग समाजातली मुलगी, वय १४. वेद जर फक्त ब्राह्मणांचेच असतील तर आम्हाला धर्मपुस्तक नाही, आणि पुस्तक नाही म्हणजे आम्ही धर्मरहित आहोत. मग आमचा धर्म कोणता, असा तिचा युक्तिवाद. यात दुःख आहे, पण सोसणे नाही. पकडीत सापडलेल्याला ती सोडत नाही, आणि ज्या शांतपणे ती देवालाच साक्षीला उभे करते त्यात मला आता खोडसाळपणाही दिसतो. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा हा निबंध आम्ही ‘दस्तऐवज’ या सदरात ठेवला आहे. तो कुमार साहित्याच्या यादीत मी कधी पाहिला नाही, माझ्या यादीतही नव्हता. १४ वर्षांच्या मुलीने लिहिलेले त्या यादीत दुसरे काय होते?

भाचीने तो दोनदा वाचला. पुढे तिने काय लिहिले, असे विचारले. मुक्ताचे दुसरे लेखन आपल्या हाती नाही, हे मी सांगितले. तिला ते पटले नाही. तिचे म्हणणे, कोणी नीट शोधले नसेल.

जाताना तिने ‘चौघीजणी’ आणि ‘जिणं आमुचं’ पिशवीत टाकले आणि माझ्यासाठी एक यादी टेबलावर ठेवली. पाच नावे, त्यांतली तीन धारपांची, पहिले ‘लुचाई’. पुढे कंसात सूचना : रात्री वाचू नये. मी पंचवीस वर्षे मराठी शिकवले आणि धारपांचे एकही पुस्तक वाचले नव्हते. ‘लुचाई’ अकराला सुरू केली. दीडला उठून मागचे दार लावले आहे ना, ते पाहून आले.