रेषा, स्थान आणि अन्वय : ‘यी जिंग’मधील आकृतींच्या वाचनाचा प्रश्न

हार्बर मार्गावर रे रोडच्या दक्षिणेचे लगतचे स्थानक डॉकयार्ड रोड. त्याच्या जवळच, माझगावच्या नवाब टँक मार्गावर ‘सी यप कून’ हे चिनी मंदिर आहे. ग्वांगडोंगमधील सी यप, म्हणजे ‘चार परगणे’, या भागातून आलेल्या दर्यावर्दी समाजाने ते १९१९ मध्ये उभारले. येथे भविष्य पाहण्याची रीत काड्यांची आहे. नळी हलवायची, बाहेर पडलेल्या काडीवरील क्रमांक पाहायचा आणि त्या क्रमांकाचे भाकीत वाचायचे. या रीतीत काडी केवळ निर्देश करते. क्रमांकाला स्वतःची रचना नसते आणि अर्थ सर्वस्वी चिठ्ठीत असतो.

‘यी जिंग’ (रूढ उच्चाराने ‘आय चिंग’) या प्राचीन ग्रंथातील रेषाकृतींचे वाचनही पुष्कळदा असेच केले जाते. आकृती शोधावी, तिच्यासमोरील अर्थ उचलावा, एवढाच व्यवहार उरतो. परंतु ही आकृती क्रमांक नव्हे. तिला अंतर्गत रचना आहे आणि अर्थाचा मोठा भाग त्या रचनेतूनच निष्पन्न होतो. हा भेद पुसला गेला, की चिन्हव्यवस्थेचा कोश होतो आणि वाचकाचा ग्राहक होतो.

रचनेचे घटक मोजके आहेत. सलग रेषा यांग, तुटक रेषा यिन. तीन रेषांची त्रिरेखा होते. अशा त्रिरेखा आठ. दोन त्रिरेखा एकावर एक ठेवल्या, की सहा रेषांची षड्रेखा होते. अशा षड्रेखा चौसष्ट आणि त्यांतील रेषा एकूण ३८४. आकृती तळापासून वर वाचायची. पहिले, तिसरे, पाचवे ही स्थाने यांगची. दुसरे, चौथे, सहावे यिनची. दुसरे व पाचवे स्थान आपापल्या त्रिरेखेचे मध्य म्हणून विशेष महत्त्वाचे. पहिली-चौथी, दुसरी-पाचवी, तिसरी-सहावी या जोड्यांत परस्परविरुद्ध रेषा आल्या, तर त्यांच्यात अनुबंध मानला जातो. म्हणजे एकच सलग रेषा एका स्थानी उचित ठरते, तर दुसऱ्या स्थानी अनुचित. रेषेला सुटा अर्थ नाही.

या आकृतींना चित्रे समजण्याचा मोह स्वाभाविक आहे. पन्नासाव्या आकृतीचे नाव ‘डिंग’, म्हणजे पायांचे धातुपात्र. आणि तिच्यात तुटक रेषेचे पाय, तीन सलग रेषांचे पोट, पुन्हा तुटक रेषेचे कान व वरची सलग दांडी खरोखरच दिसते. मात्र हे उदाहरण अपवादात्मक आहे. अकराव्या आणि बाराव्या आकृतींपुढे चित्रवादी वाचन कोलमडते. बाराव्या आकृतीत आकाश वर आणि पृथ्वी खाली आहे; डोळ्यांना दिसते तीच ही व्यवस्था. तरीही तिचा अर्थ कुंठितावस्था असा आहे. अकराव्या आकृतीत पृथ्वी वर, आकाश खाली. आणि तिचा अर्थ सुस्थिती. आकाशाची गती ऊर्ध्व, पृथ्वीची अधोगामी. जी तत्त्वे आपापल्या नैसर्गिक जागी आहेत ती एकमेकांपासून दूर जातात. ज्यांच्या जागा उलटल्या आहेत ती परस्परांना भेटतात. अर्थ चित्रात नसून घटकांच्या गतिसंबंधात आहे. तिसऱ्या शतकातील भाष्यकार वांग बी याने आशय हाती आल्यावर प्रतिमा सोडून द्यावी असे प्रतिपादन केले, त्यामागे हीच जाण होती.

दुसरा मोह संख्येचा. येशूसंघीय धर्मोपदेशक बूव्हे याने पाठविलेल्या आकृतिपटात लायब्निट्सला शून्य ते त्रेसष्ट हे अंक द्विमान पद्धतीने मांडलेले दिसले आणि १७०३ च्या आपल्या निबंधात त्याने हे साम्य नोंदविले. मराठी अभ्यासकाला या साम्याचे आश्चर्य वाटू नये. पिंगलाच्या परंपरेत लघु-गुरूंच्या तीन स्थानांतून आठ गण होतात, आणि सहा अक्षरांच्या चरणाचा जो ‘गायत्री’ वर्ग, त्याचे प्रस्तारभेदही चौसष्टच. माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’पर्यंत चालत आलेली ही गणना त्रिरेखा-षड्रेखांच्या गणनेशी तंतोतंत जुळते. ‘य’गण किंवा ‘त’गण यांना सुटा आशय नाही, इतर सात गणांहून असलेले वेगळेपण हीच त्यांची ओळख. येथवर सादृश्य उपकारक आहे.

मात्र ते येथेच थांबवावयास हवे. लघु किंवा गुरू चरणातील स्थानामुळे नैतिकदृष्ट्या उचित-अनुचित ठरत नाही. षड्रेखेतील रेषा ठरते. शिवाय यिन-यांग हे द्वंद्व वरवरचे आहे. पन्नास काड्यांपैकी एक बाजूला ठेवून उरलेल्या एकोणपन्नास काड्यांच्या विभागणीतून सहा, सात, आठ वा नऊ ही मूल्ये येतात. सात व आठ स्थिर. सहा व नऊ चल. चल रेषा आपल्या विरुद्ध रेषेत पालटते आणि एका आकृतीतून दुसरी उद्भवते. म्हणून एका प्रश्नाला ४०९६ प्रकारे उत्तर मिळू शकते. छंदाचा प्रस्तार शक्यतांची यादी देतो. येथे प्रत्येक शक्यता दुसरीकडे सरकण्याच्या बेतात असते.

ग्रंथाच्या अखेरीस या तत्त्वाची कसोटी लागते. त्रेसष्टाव्या आकृतीत सहाही रेषा आपापल्या उचित स्थानी आहेत. तिचे नाव ‘पार पडलेले’. पण तिच्याशी जोडलेले वचन अखेरच्या अव्यवस्थेचा इशारा देते. चौसष्टाव्या आकृतीत एकही रेषा उचित स्थानी नाही. तिचे नाव ‘अजून पार न पडलेले’, आणि ग्रंथ तिच्यावर संपतो. पूर्णतेनंतर अपूर्णता ठेवणारी ही संहिता स्वतःच्या वाचनालाही अंतिम मानू देत नाही.

मराठी समीक्षेत प्रतीकविचार अनेकदा चिठ्ठीच्या रीतीने चालतो. कवितेत नदी दिसली की काळ, झाड दिसले की मूळ, दार दिसले की मुक्ती अशी नोंद होते आणि तिलाच अन्वयार्थ म्हटले जाते. षड्रेखेची शिस्त निराळे प्रश्न विचारावयास लावते : ही प्रतिमा कोणत्या स्थानी आली आहे? तिच्यासमोर कोण उभे आहे? ती स्थिर आहे की पालटण्याच्या बेतात? मुख्य म्हणजे, कोणत्या प्रश्नाने तिला पटावर आणले? हा प्रश्न वाचकाचा असतो, आणि म्हणूनच उत्तराची जबाबदारीही त्याचीच. चिठ्ठी वाचणाऱ्याला चुकीचे खापर चिठ्ठीवर फोडता येते. आकृती वाचणाऱ्याला ती सोय नाही.