खिळा, साचा आणि ‘क्लीशे’

मराठी समीक्षेत ‘साचेबंद’ हे विशेषण जितक्या सहजपणे योजले जाते, तितक्या सहजपणे ते तपासले मात्र जात नाही. ‘क्लीशे’ या फ्रेंच संज्ञेसाठी भाषांतरकारांनीही तेच पुष्कळदा पत्करले आहे. वास्तविक ‘क्लीशे’ आणि ‘स्टीरिओटाइप’ हे दोन्ही शब्द छापखान्यातून साहित्यविचारात आलेले आहेत. सुटे खिळे जुळवून पृष्ठ सिद्ध करावयाचे, त्याचा ठसा घ्यावयाचा आणि त्या ठशात धातू ओतून सबंध पृष्ठाचा एकसंध पत्रा तयार करावयाचा, अशी ती क्रिया होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या फर्मँ दिदो याच्या नावाशी ‘स्टीरिओटाइप’ हा शब्द जोडला गेला. ‘क्लीशे’मध्ये वितळलेल्या धातूवर ठसा आपटतानाच्या आवाजाचे अनुकरण आहे, असे मानतात. पत्रा ओतला की खिळे दुसऱ्या ग्रंथासाठी मोकळे होत आणि पुनर्मुद्रण स्वस्तात पडे. मात्र पत्र्यातील एखादे अक्षर बदलणे मोठे जिकिरीचे होई.

तेव्हा ‘क्लीशे’ म्हणजे एकदा कोणीतरी जुळवलेली, मागणीमुळेच गोठवलेली आणि आता सुटी न होणारी शब्दावली. ‘काळजाचा ठाव घेणारी कथा’ असे ज्याने प्रथम लिहिले, त्याने खिळे स्वतः जुळवले होते. मागाहूनच्या अभिप्रायलेखकांनी नुसता पत्रा चढवला.

साच्याचे स्थान याच्या अगदी उलट आहे. तो जुळणीच्या नंतर नव्हे, खिळ्याच्याही आधी येतो. जावजी दादाजींच्या निर्णयसागराची कीर्ती ज्या रेखीव अक्षरांमुळे झाली, ती अक्षरे साच्यातूनच निघाली होती. आणि एका साच्यातला ‘क’ कवितेत बसे, तसाच पंचांगातही बसे. साच्यामुळे जुळाऱ्याचे स्वातंत्र्य कमी झाले नाही, उलट ते शक्य झाले. म्हणून कादंबरी रूढ घाटाची आहे एवढ्यावरून तिला ‘साचेबंद’ म्हणून हिणवणे आणि तिची भाषा उसनी आहे हा आक्षेप घेणे, हे दोन निराळे निवाडे होत. एकच शब्द दोहोंसाठी वापरल्याने ओवीबद्ध आख्यानकवीवर जो अन्याय होतो, तो लहान नाही.

छापखान्याच्या मराठीत अशी अर्थाची उलथापालथ अन्यत्रही आढळते. ‘मुद्रित’ म्हणजे संस्कृतात मिटलेले, मोहोर केलेले. मराठी ग्रंथव्यवहाराने मात्र तोच शब्द प्रूफाला दिला, म्हणजे ज्या अवस्थेत मजकूर दुरुस्तीसाठी सर्वाधिक खुला असतो तिला. याउलट ‘जुळणी’ हा कामगाराच्या हातातला शब्द इतका चिवट ठरला की, खिळे गेले, संगणक आला, तरी मराठी ग्रंथाच्या श्रेयपृष्ठावर ‘अक्षरजुळणी’ छापले जातेच. तमिळ ‘अच्चु’ तर साचा आणि मुद्रणाचा खिळा या दोहोंना एकत्र सांभाळतो; तेथील भाषांतरकाराची अडचण त्यामुळे आणखीच निराळी असणार.

‘क्लीशे’साठी ‘गुळगुळीत’ हा पर्यायही सुचवला जातो. पण तो झिजलेल्या नाण्याचा वा खिळ्याचा गुण आहे, आणि झिजलेला खिळा निदान सुटा तरी असतो. त्यापेक्षा ‘थिजलेली शब्दावली’ अधिक नेमकी. ‘थिजणे’ला तुपाचा वास येतो, हा आक्षेप खरा, परंतु पातळ असलेले घट्ट झाल्याची आठवण त्या शब्दात शिल्लक आहे, आणि ‘साचेबंद’मध्ये नेमकी तीच नाही.