गावदप्तर आणि सूचीची निवड

कृष्णा-तारळी संगमावरील उंब्रज (ता. कराड, जि. सातारा) यासारख्या गावाचे जमिनीचे दप्तर सूचीविषयक विवेचनास चांगला आधार पुरविते. सातबारा सर्व्हे वा गट क्रमांकाने लागतो, तर गाव नमुना ८-अ खाते क्रमांकाने. म्हणजे एकाच माहितीकडे जाण्याच्या दोन वाटा संगणकापूर्वीच तलाठ्याच्या हाती होत्या. प्रश्न ठराविक असेल तर त्याची वाट आधी बांधून ठेवावी, हे सूचीचे मूलतत्त्व त्यांत दिसते.

संगणकाने याच तत्त्वाचा विस्तार केला. रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्क्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘बी-ट्री’ रचनेत प्रत्येक पानास २०० फाटे मानले, तर तीन पायऱ्यांत ८० लाख नोंदींपर्यंत पोचता येते. तथापि जिल्हा, तालुका, गाव, गट या क्रमाने रचलेली संयुक्त सूची केवळ गट क्रमांक देणाऱ्याच्या फारशी उपयोगी पडत नाही. आडनावांनी लावलेल्या यादीत निव्वळ पहिले नाव शोधावे, तसे ते होते. गट क्रमांक अक्षररूपाने साठविल्यास १० हा २ च्या आधी येतो, हे वेगळेच. शिवाय प्रत्येक नव्या नोंदीबरोबर तिच्याशी संबद्ध सर्व सूची दुरुस्त कराव्या लागतात. म्हणून सूचींची संख्या वाढविणे हा गुण नव्हे.

खरी उणीव अक्षरशः जुळणीवर बांधलेल्या नावसूचीत आहे. ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर नावानेही शोध घेण्याची सोय आहे. परंतु यंत्र उच्चार जाणत नाही, संकेतांची माळ जाणते. ‘उंब्रज’ व ‘उम्ब्रज’, ‘शिंदे’ व ‘शिन्दे’ यांचा उच्चार एक, माळ भिन्न. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी स्पष्टोच्चारित अनुनासिकासाठी शीर्षबिंदू मान्य केला. त्यापूर्वीच्या नोंदी त्या नियमाने बांधलेल्या नाहीत. आजोबांचे नाव न सापडल्यास वारस ‘नोंद नाही’ असे समजून परततो. वस्तुतः नोंद असते, वाट नसते.

यावर मूळ नावे सुधारणे हा उपाय नव्हे, कारण नोंदीतील नाव हा पुरावा आहे. नाव जसेच्या तसे ठेवून, अनुनासिक व ऱ्हस्व-दीर्घ यांचे भेद मिटविलेल्या रूपावर सूची उभारणे उचित होय. अशा सूचीत भिन्न व्यक्ती एकत्र येतील, हा आक्षेप खरा आहे. परंतु सूचीने उमेदवार पुढे करावेत आणि निवाडा मूळ नोंदीने द्यावा. जास्तीची दहा नावे पाहणे शक्य असते. वगळलेले एक नाव पाहणे शक्य नसते.