रंग गेला म्हणजे प्रदूषक गेले काय? : प्रकाश-उत्प्रेरक संशोधनातील एका कसोटीची चिकित्सा

प्रस्तावना :
फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन घडविल्याचे प्रसिद्ध केले. सेंद्रिय प्रदूषकांच्या विघटनासाठीही पुढे याच पदार्थाचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाला. त्याची मर्यादाही सर्वपरिचित आहे. ॲनाटेस रूपातील ऊर्जा-अंतर ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने तो केवळ अतिनील किरणांनीच कार्यान्वित होतो आणि सूर्यप्रकाशात या किरणांचा वाटा जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. त्यामुळे नायट्रोजन वा धातूंचे डोपिंग करून दृश्य प्रकाशात काम करणारे उत्प्रेरक घडविण्याकडे संशोधकांचा कल वाढला. हा प्रयत्न स्तुत्य आहे. परंतु त्याच्या यशाचा पुरावा म्हणून जी कसोटी वापरली जाते, ती तपासून पाहणे आवश्यक वाटते.

विवेचन :
अनेक शोधनिबंधांत मिथिलीन ब्लूच्या द्रावणाचा निळा रंग फिका होणे हाच पुरावा मानला जातो. यावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला, हे रंगद्रव्य स्वतःच ६६४ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते. उत्तेजित रेणूतील इलेक्ट्रॉन उत्प्रेरकात जाऊन रंगद्रव्याचेच विघटन होऊ शकते. अशा वेळी उत्प्रेरकाने दृश्य प्रकाश शोषला, हा निष्कर्ष निराधार ठरतो. ओहतानी व सहकाऱ्यांनी २००६ मध्येच या कसोटीच्या योग्यतेविषयी प्रश्न उपस्थित केला होता.

दुसरा, रंग जाणे म्हणजे विघटन नव्हे. मिथिलीन ब्लूच्या रेणूत कार्बनचे १६ अणू असतात. क्षपणाने त्याचे रंगहीन रूप तयार होते, तेव्हा हे सोळाही अणू जागच्या जागी राहतात आणि हवेच्या संपर्कात निळा रंग परततो.

तिसरा, रंगद्रव्य उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर केवळ अधिशोषित झाले, तरी द्रावण फिके दिसते.

अर्थात, ही कसोटी स्वस्त व सुलभ आहे. साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काम भागते, ही आपल्या महाविद्यालयांची वास्तव अडचण नाकारता येत नाही. तथापि अंधारातील चाचणी, उत्प्रेरकाविना चाचणी आणि फेनॉलसारख्या रंगहीन प्रदूषकावरील प्रयोग यांना फारसा खर्च येत नाही. एकूण सेंद्रिय कार्बनच्या मापनासाठी विद्यापीठातील सुविधेचा आधार घेता येईल.

समारोप :
इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योग केंद्राच्या सांडपाण्यात रंगांसोबत क्षार व अन्य रसायनेही असतात. क्लोराइड व बायकार्बोनेट हे आयन हायड्रॉक्सिल मूलकांना वाटेतच गाठून निष्प्रभ करतात. त्यामुळे ऊर्ध्वपातित पाण्यातील यश नदीकाठी टिकेलच असे नाही. पाणी स्वच्छ दिसणे आणि ते निर्धोक असणे यांतील अंतर विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतच उमगावे, ही मार्गदर्शकांची जबाबदारी आहे. उत्प्रेरकाच्या सुधारणेइतकीच त्याच्या कसोटीची सुधारणाही अगत्याची आहे.