सोळा घट आणि एक पुस्तिका

घरच्या घरी बॅटरीसंच जुळवण्याचे साहित्य आता खोक्यातून घरपोच येते. लिथियम-लोह-फॉस्फेटचे सोळा घट, तांब्याच्या जोडपट्ट्या, नट, घटांवर नजर ठेवणारे इलेक्ट्रॉनिक मंडल, पत्र्याची पेटी आणि एक पुस्तिका. साहित्य पुष्कळदा चांगले असते. आमची तक्रार आहे ती पुस्तिकेबद्दल. अशा काही पुस्तिका आम्ही वाचल्या, आणि वाचताना वीरमधले एखादे घर डोळ्यांपुढे ठेवले.

वीर हे महाड तालुक्यातले गाव, महाड-पोलादपूरकडे जाणाऱ्यांचे कोकण रेल्वेचे स्थानक. रोह्याहून इथवरचा लोहमार्ग जून १९९३ मध्ये सुरू झाला. पावसाळ्यात लाइट जाणे इथे कुणाला नवे नाही. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा रायगड जिल्ह्यात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. अशा जिल्ह्यातला माणूस बॅटरी घ्यायला निघतो, तो हौसेपोटी नव्हे.

त्याला पुस्तिका पहिल्याच पानावर सांगते : '५.१२ किलोवॅट-तास'. हा आकडा आला कुठून? एक घट ३.२ व्होल्टचा, १०० अँपिअर-तासांचा. सोळा घट एकसर जोडले की ५१.२ व्होल्ट, आणि गुणाकार केला की ५१२० वॅट-तास. एवढा गुणाकारही पुस्तिकेत नाही. मग तो घरात किती पुरेल, हे दूरच राहिले. आपणच करून पाहू. नऊ वॅटचे चार दिवे आणि ७५ वॅटचे दोन पंखे, मिळून १८६ वॅट. घट पूर्ण रिकामे करायचे नसतात, इन्व्हर्टरही वाटेत थोडी वीज खातो. तेव्हा हाती चार हजार वॅट-तास धरू. म्हणजे साधारण साडेएकवीस तास. एरवी चार-पाच तास लाइट जाते तेवढ्यासाठी चार घटांचा संचही भागवील. आणि २०२० सारखी वेळ आली तर सोळाही अपुरे, कारण दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी आणि ती भरायला तारेत वीज नाही. छपरावर सौरपट्ट्या हव्यात, आणि जून-जुलैच्या ढगाळ आभाळाखाली त्या किती कमी देतात याचा अंदाजही हवा. बॅटरी वीज साठवते, निर्माण करत नाही, हे वाक्य आम्हांला एकाही पुस्तिकेत सापडले नाही.

धोक्याच्या सूचना मात्र भरपूर आहेत. 'काम करताना अंगठी काढून ठेवा.' का? ५१ व्होल्टचा झटका घरातल्या २३० व्होल्टपेक्षा सौम्य, मग भीती कशाची? इथे नववीतला ओहमचा नियम पुरतो. अशा एका घटाचा अंतर्गत रोध अर्ध्या मिलिओहमच्या आसपास असतो. सोळांचा आठ, पट्ट्या आणि तारा धरून दहा मिलिओहम म्हणू. दोन टोकांवर चुकून पाना पडला तर ५१.२ भागिले ०.०१, म्हणजे पाच हजारांहून अधिक अँपिअर! प्रत्यक्षात पान्याचा स्वतःचा रोध धरून आकडा खाली येईल, पण पाना लाल व्हायला तेवढाही पुरे. हे गणित एकदा केलेला मुलगा अंगठी न सांगता काढील.

'नट घट्ट आवळा' या सूचनेचेही तसेच. सैल नटापाशी रोध दहा मिलिओहम झाला आणि ५० अँपिअरची धारा वाहिली, तर तिथे २५ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची छोटी कैची-पक्कड बाजूला ठेवली की जी डाग देण्याची कावी उरते, ती एवढ्याच वॅटची असते. ती पेटीत बंद करून चालू ठेवल्यासारखे झाले.

सर्वांत मोठी उणीव फ्यूजच्या बाबतीत दिसते. 'योग्य फ्यूज बसवा', एवढेच लिहिलेले. माणूस नाक्यावरच्या दुकानातून घरगुती एमसीबी आणतो. ती बनलेली असते प्रत्यावर्ती धारेसाठी. ही धारा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते आणि तुटलेल्या संपर्कातली ठिणगी विझायला मदत होते. बॅटरीची दिष्ट धारा शून्यावर येतच नाही. ठिणगी तशीच जळत राहू शकते. त्यासाठी दिष्ट धारेकरता बनवलेला आणि तेवढी प्रचंड धारा तोडू शकणारा फ्यूजच लागतो.

एका पुस्तिकेत शून्य अंशाखाली घट चार्ज करू नये यावर अर्धे पान खर्ची घातले आहे. सूचना बरोबर आहे, पण वीरला तिचा काय उपयोग? दमट हवेत ॲल्युमिनियमचे टोक आणि तांब्याची पट्टी यांच्या सांध्याचे काय होते, यावर एक ओळ नाही. पेटी किती उंचीवर ठेवावी, यावरही नाही. जुलै २०२१ मध्ये महाड शहरात पुराचे पाणी घराघरांत शिरले होते. जमिनीवर ठेवलेली पेटी अशा वेळी कामाची राहत नाही.

शाळेत हा संच उघडून मुलांच्या हाती देऊ नये, असे आम्हांला वाटते. त्यातले भौतिकशास्त्र टॉर्चच्या चार घटांवर दाखवता येते. तीन नवे आणि एक वापरलेला घट एकसर जोडा, टॉर्चचा सहा व्होल्टचा बल्ब लावा आणि तो चालू असताना प्रत्येक घटाचे विभवांतर मोजा. धारा चौघांतून सारखीच वाहते, तरी जुन्याचा आकडा आधी घसरू लागतो. संचातले ते इलेक्ट्रॉनिक मंडल नेमके याच घटावर नजर ठेवून असते, आणि तो एक घट रिकामा झाला की उरलेल्या पंधरांत वीज असूनही पुरवठा तोडते.