भांडवली गुंतवणूक निर्णयांचे अध्यापन आणि सहकारी साखर कारखाना : एक चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या अध्यापनात भांडवली गुंतवणुकीच्या मूल्यमापनाला महत्त्वाचे स्थान आहे. परतफेड कालावधी, निव्वळ वर्तमान मूल्य आणि अंतर्गत परतावा दर यांवरील उदाहरणे विद्यार्थी अचूक सोडवितात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अनेक विद्यार्थी ऊस उत्पादक सभासदांच्या घरांतून येतात. कारखान्याच्या विस्तारवाढीचा ठराव ज्या वार्षिक सभेत येतो, तेथे उद्या त्यांनाच हात वर करावयाचा असतो. वर्गातील गणित त्या वेळी उपयोगी पडते काय, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

पाठ्यपुस्तकातील गृहीतके

पाठ्यपुस्तकातील उदाहरणात प्रकल्पखर्च, वार्षिक रोख प्रवाह व वटावाचा दर दिलेले असतात. रोख प्रवाह वर्षाअखेर येतो आणि मालक व कच्चा माल पुरविणारा हे भिन्न असतात, असे गृहीत धरलेले असते. ही गृहीतके सहकारी साखर कारखान्याला लागू पडत नाहीत.

विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. तेथे भाग घेणारा शेतकरी हाच ऊस घालणारा होता. त्याचा लाभ लाभांशापेक्षा उसाच्या दरातून त्याच्या हाती येतो, हे या रचनेचे वैशिष्ट्य आहे.

एक काल्पनिक उदाहरण

समजा, विस्तारवाढीचा खर्च १०० कोटी रुपये असून रास्त व किफायतशीर दराने उसाची रक्कम दिल्यानंतर सहा वर्षे दरवर्षी २५ कोटी रुपये उरतात. १२ टक्के दराने निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे २.८ कोटी रुपये येते. प्रकल्प स्वीकारार्ह ठरतो. आता विस्तारामुळे गाळल्या जाणाऱ्या सहा लाख टन वाढीव उसाला टनामागे १०० रुपये जादा दिले, तर दरवर्षी सहा कोटी रुपये बाहेर जातात आणि कारखान्याच्या दृष्टीने हेच मूल्य उणे २१.९ कोटी होते. सभासदांना मिळालेल्या जादा रकमेचे वर्तमान मूल्य २४.७ कोटी आहे. दोन्हींची बेरीज पुन्हा २.८ कोटीच येते.

बेरीज बदलली नाही म्हणून निर्णय योग्य ठरतो, असे मात्र नाही. सभासदांच्या घरी गेलेल्या २४.७ कोटींतून बँकेचा हप्ता भरला जात नाही. तो कारखान्याच्या तिजोरीतूनच भरावा लागतो. राज्यातील अनेक कारखाने कर्जबाजारी होऊन भाडेतत्त्वावर वा विक्रीस का गेले, याचे एक कारण या तफावतीत शोधता येते. लाभ कोणाला व कर्ज कोणावर, हे दोन्ही हिशेब शेजारी मांडण्याची सवय अध्यापनातून लागत नाही, हा मुख्य आक्षेप आहे.

काळ आणि अनिश्चितता

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाची रक्कम १४ दिवसांत द्यावी लागते. साखर मात्र वर्षभर विकली जाते. मधली पोकळी माल तारण कर्जाने भरली जाते व त्याचे व्याज रोख प्रवाहातून जाते. त्यात पावसाची अनिश्चितता असते. वरील मूळ उदाहरणात दुसऱ्या वर्षी दुष्काळामुळे काहीच उरले नाही, तर निव्वळ वर्तमान मूल्य उणे १७.१ कोटींवर येते. शासकीय धोरणही बदलते. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने इथेनॉलसाठी उसाचा रस वापरण्यावर निर्बंध आणले. पुढील हंगामासाठी ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठविले. आसवनीत गुंतवणूक केलेल्यांना संवेदनशीलता विश्लेषणाचा अर्थ त्या हंगामात कळला. वर्गात ते बहुधा शेवटच्या तासाला उरकले जाते.

समारोप

सूत्रे शिकविणे आवश्यकच आहे. परंतु त्याआधी रोख प्रवाह विद्यार्थ्यांनीच उभा करावयास हवा. गाळपाचे दिवस, साखर उतारा, ऊसदर व व्याज हे आकडे वार्षिक अहवालात मिळतात. सभेपूर्वी तो सभासदाच्या घरी येतो आणि बहुधा न वाचताच बाजूला पडतो. तो वर्गात उघडावा व ‘पाऊस नसेल तर काय’ हा प्रश्न परीक्षेत गुणांसह विचारावा. असे झाल्यास ठरावावर हात वर करण्यापूर्वी हप्ता कोठून भरणार, हे विचारणारा सभासद तयार होईल.