स्वान्स: बंद दाराआडची जर्मन गाणी

स्वान्सचं नाव निघालं की लोक 'साउंडट्रॅक्स फॉर द ब्लाइंड'वर येतात. १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या या बँडचा १९९६ चा डबल अल्बम. १४० मिनिटांहून मोठा. नगरहून पुण्याच्या एसटीत बसून लावलात, तर वाघोलीच्या ट्रॅफिकपर्यंत पुरतो.

त्याच वर्षी जर्मनीत एक ईपी निघाला होता: 'डी ट्यूर इस्ट त्सू', म्हणजे 'दार बंद आहे'. अल्बममधली दोन गाणी त्यात मायकल गिरा जर्मनमध्ये गातो. २०१८ मध्ये अल्बम पुन्हा निघाला, तेव्हा सीडी संचातली तिसरी डिस्क म्हणून हा ईपीही आला. तरी 'कट्टर फॅन असाल तर ऐका' यापुढे त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मला तो उरलासुरला माल वाटत नाही. इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा नाही, त्यांच्यासाठी तर तो खास आहे.

'हेल्पलेस चाइल्ड' घ्या. पंधरा मिनिटांचं गाणं, पण शब्द लवकर संपतात. पुढे बँड एकच गोष्ट वर-वर चढवत नेतो. इंग्रजीत ऐकताना ती चढण आपण त्या असहाय मुलाची कहाणी म्हणून ऐकतो, कारण शब्दांनी आधीच तसं सांगून ठेवलेलं असतं. जर्मन 'हिल्फलोस किंट'च्या आधी लिगेटी या हंगेरियन संगीतकाराच्या नावाचा एक लांबलचक घुमारा येतो. मग आवाज येतो. अर्थ लागत नाही, पण हा माणूस विनवतोय की धमकावतोय, हा प्रश्न उरतोच. चढण सुरू होते तेव्हा हाताशी कहाणी नसते, फक्त तो प्रश्न असतो.

दुसरं गाणं 'ऑल लाइन्ड अप'. ते आधी गिराच्या १९९५ च्या सोलो 'ड्रेनलँड'वर आलं, मग अल्बमवर, मग जर्मनमध्ये. इंग्रजी नाव 'प'वर बंद होतं, ओठ मिटतात. जर्मन नाव 'इश झेहे डी आले इन आइनर राये' उघड्या स्वरावर संपतं. 'मी त्या सगळ्यांना रांगेत उभं पाहतो' हे वाक्य एका भाषेत दार आपटतं, दुसऱ्या भाषेत ते उघडंच राहतं. मला उघडं जास्त भीतिदायक वाटतं.

याला भाषांतर म्हणायला मी तयार नाही. अरुण कोलटकरांनी मुंबईच्या हिंदीतली आपली एक कविता 'थ्री कप्स ऑफ टी' नावाने इंग्रजीत केली, ती काही हिंदी न येणाऱ्यांची सोय म्हणून नव्हे. दुसऱ्या भाषेत बोलणारा माणूसच वेगळा झाला. किशोरवयात काही काळ जर्मनीत राहिलेला गिराही इथे तसाच वेगळा माणूस वाटतो.

एक गोष्ट मात्र ईपी करू शकत नाही. अल्बमचं बरंचसं वजन जुन्या टेप्सवर आहे. जार्बोचे वडील एफबीआयमध्ये होते, त्यांच्या पाळतीच्या टेप्स त्यात आहेत. गिराचे वडील स्वतःच्या जाणाऱ्या दृष्टीबद्दल बोलतात, तेही आहे. तिथे शब्द कळायलाच हवेत. म्हणून अल्बमची जागा हा ईपी घेत नाही.

पण 'लिरिक्स कळत नाहीत तर ऐकता कशाला?' हा टोमणा आपल्याकडे मराठी माध्यमातल्या पोरांनी भरपूर ऐकलाय. इंग्रजी रॉक आमच्यापर्यंत आधी आवाज म्हणूनच पोचला. अर्थ नंतर आला, कॉलेज-नोकरीच्या इंग्रजीबरोबर. आता तर फोनवर गाण्यासोबत शब्दही धावतात आणि कान वाचायला लागतात. हा ईपी पुन्हा त्या आधीच्या ऐकण्याकडे नेतो, आणि ते ऐकणं अपुरं नव्हतं हे दाखवतो.

आधी जर्मन 'हिल्फलोस किंट' लावा, मग इंग्रजी. शब्द शोधू नका. शेवटची पाच मिनिटं दोन्हीकडे सारखीच वाटतात का, तेवढं बघा.